शेवटचा डबा घेऊन ताडकळसच्या पुढं

नाही, तुमी आधी गप बसा आणि माझं ऐका. मागची गोष्ट मी अर्ध्यात सोडली, शेवट केला नाही, वाचणाऱ्याला फसवलं, हे तुमचं म्हणणं मला पाठ झालंय. शेवट नसला की काय होतं ते ह्या चैत्रात मी डोळ्यांनी बघून आलो. शेवट हातात असला की काय होतं तेही बघितलं. तीच हकीकत सांगायलोय. तिकडं कुणाला जायचं असेल तर गाडीचं, खाण्याचं, रस्त्याचं सगळं ह्यात येईल. फक्त मधी तोंड घालू नका.

सुरुवात परभणीला स्टेशनासमोरच्या हॉटेलात झाली. हुसेनभाई बशीतून चहा पीत बसला होता. हुसेनभाई म्हणजे गावोगाव सिनेमा दाखवणाऱ्या फिरत्या टॉकीचा मालक. त्याच्याजवळ एक तंबू, एक इंजन, एक मशीन. मी हैदराबादेत कॉलेजात होतो तेव्हा सुट्टीत गावी आलो की त्याच्या तंबूत फुकट बसायचो, म्हणून ओळख.

"मेरा तंबू पकड के रखे," तो म्हणाला.

"कोणी?"

"गाववालों ने. ताडकळस के आगे. बोलते, पहले शेवट लाके दिखाव, फिर तंबू ले जाव."

झालं होतं असं. मुंबईहून त्यानं नवीन सिनेमा आणला, शापाचा, भुताचा. पहिलाच खेळ त्या गावच्या जत्रेत. पूर्णेला रेल्वेतून सामान उतरवताना फिल्मचा एक डबा पार्सलच्या खोलीतच राहिला, तोही नेमका शेवटचा. गावात तंबू भरल्यावर ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं विचार केला, आहे तेवढं दाखवू, मग गाण्याची रेकॉर्ड लावू, लोक गुणगुणत घरी जातील.

लोक घरी गेलेच नाहीत.

"ती बाई शाप देके बैठी है, और तुम गाना लगाते, बोले," हुसेनभाई म्हणाला. "तुम चलो मेरे साथ. तुम पढे-लिखे. तुमने बोला के येच आखरी डब्बा है, तो मानते."

मला कशाला आग्रह लागतो. ज्या गावात अर्धी गोष्ट अशी कुणाच्या गळ्यात अडकली ते गाव मला बघायचंच होतं. खरं सांगतो, तुमच्याशी भांडायला पुरावा मिळेल असंही वाटलं.

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी मनमाडलाच ध्यानात ठेवा, करोडगिरीवाले म्हणजे जकातवाले सामान उघडून बघतात, आणि पुढं इंग्रजी कलदार रुपया मोडून हैदराबादी हाली करून घेतलेला बरा, खेड्यात मोड मिळत नाही. पूर्णेला भजी खावीत, चहा पिऊ नये. पार्सलच्या खोलीत डबा तसाच होता, गोल, पत्र्याचा, वरून कुणीतरी कंदील ठेवलेला. हुसेनभाईनं तो कंदील असा उचलला जसा साप उचलतात. ही फिल्म ठिणगी लागली की बंदुकीच्या दारूसारखी पेटते.

पूर्णेहून पुढं बैलगाडी. भाडं आधी ठरवा, ताडकळसचा बाजार असेल त्या दिवशी गाडीवान ऐकत नाहीत. आमचा गाडीवान सारखी बिडी काढायचा आणि हुसेनभाई सारखा ओरडायचा.

"बिडी नको, चाचा. डब्बे में आग है."

"आग हाय? लोक तर भूत हाय म्हणायलेत," गाडीवान म्हणाला. "एक काय ते ठरवा, त्या हिशोबानं भाडं लावतो."

काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या. ज्वारी निघून गेलेली, नुसती धसकटं उभी. डबा माझ्या मांडीवर, कारण खाली ठेवला की आदळायचा. नदीला पाणी घोट्याएवढं. पलीकडं बाभळीखाली गाडी सोडली, भाकरी, ठेचा आणि करडईचं तेल खाल्लं. गाडीवान बैलांना पाण्यावर घेऊन गेला तेव्हा मी हुसेनभाईला विचारलं, "शेवटी होतं काय ह्याच्यात?"

"मैं कां देखा? पहलाच खेल था."

आमी डबा उघडला. त्यानं फिल्मचं टोक उन्हात धरलं, मी खालून बघायलो. पण आधीची गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर तुमी पुन्हा सुरू कराल.

सिनेमात दुष्काळ आहे. पाटलाच्या घरी हळद चाललेली. एक तहानलेली बाई दारात येते, ओंजळ पुढं करते, पाणी मागते. आत गाणी, गडबड. दारावरचा माणूस तिला हाकलतो. ती तिथंच बसते आणि म्हणते, ह्या उंबऱ्यातून नवरी जिती बाहेर पडणार नाही. आणि ओंजळ तशीच ठेवून मरते. मग सुरू होतं. आडाचं पाणी आटतं. नवरीच्या अंगाची हळद काळी पडते. कोरड्या अंगणात ओली पावलं उमटतात, दरवेळी दाराच्या जरा जवळ. रिकाम्या घागरीत कुणीतरी पाणी पिल्याचा आवाज येतो. शेवटी वरात दारात येते. नवरी पाय उचलते. उंबऱ्याबाहेर ती मेलेली बाई बसलेली, ओंजळ पुढं करून. इथं तो डबा संपतो.

आता आमच्या हातातला. छोटी छोटी चित्रं, नखाएवढी. नवरी पाय खाली ठेवते. बाईचा हात तिच्या घोट्याला. मग उंबऱ्यावर नुसता शालू. मग बंद दार. बंद दार. बंद दार. संपलं.

"उःशाप कां है?" हुसेनभाईनं विचारलं. शाप हा शब्द त्याला येत होता, उःशाप तो ह्या गावात शिकला होता.

"नाही."

"इस में तो सब मर जाते." त्यानं फिल्म गुंडाळली. "मेरा तंबू गया."

ते बंद दार मला लय आवडलं, हेही लिहून ठेवतो. मी लिहिलं असतं तर तसंच लिहिलं असतं.

ताडकळसला बाजार भरलेला होता. गूळ आणि मिरच्या घेऊन पुढं निघालो, उन्हं कलायच्या आत गावात. गावाचं नाव देत नाही, त्यांनी नको म्हटलंय. तंबू मारुतीच्या पारासमोर उभा होता आणि त्याच्या सावलीत बायांनी सांडगे वाळत घातले होते.

मुक्काम कौसाबाईंकडं. शेवटापायी अडकलेली सोयरीक ह्यांच्याच घरची. त्यांच्या पोरीचं, गोदाचं, लग्न ठरलेलं. होणारा व्याही मारोतीअप्पा जत्रेला पाहुणा म्हणून आला होता, तंबूत पहिल्या रांगेत. गाण्याची रेकॉर्ड लागली तसा तो उठून उभा राहिला. आपल्याकडं कहाणी सुफळ संपूर्ण झाल्याशिवाय कुणी उठत नाही. अर्ध्यात उठलं तर कहाणीतलं वाईट ऐकणाऱ्याच्या घरी चालत जातं, हे माझ्या आईनंही मला सांगितलेलं आहे. मारोतीअप्पा म्हणाला, शाप माझ्या कानानं ऐकला, उःशापबी माझ्याच कानानं ऐकीन, तवर बाशिंग घेऊन तुमच्या दारात येणार न्हाई. तेव्हापासून त्यानं ह्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. पाणी नाही म्हणजे सोयरीक नाही. त्यानं दुसरीकडं पोरगी विचारल्याची बातमीही आली होती. त्यातच आडाचं पाणी खाली गेलं. ते दर चैत्रात जातं. ह्या वर्षी ते पडद्यामुळं गेलं.

आज डबा येणार म्हणून मारोतीअप्पा आला होता, पण पारावरच बसला. पाणी स्वतःच्या चामड्याच्या पखालीतलं प्यायला.

जेवायला येसराची आमटी होती. गोदा वाढायली. तिच्या बापाचं आणि हुसेनभाईचं जेवण उरकलं, ते हात धुवायला बाहेर गेले, तशी ती माझ्यासमोर थांबली.

"डब्यात काय हाय ते मला आदी सांगा. लगीन माजं हाय."

मी आमटीकडं बघितलं. "उःशाप नाही."

"मग?"

"ती पाय खाली ठेवती. आणि मरती."

"लगीच?"

"लगीच."

तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "आई, ऐकलीस का?"

कौसाबाई चुलीपुढं भाकरी थापायल्या होत्या. थापायचा आवाज चालूच राहिला. "त्या बाईला पाणी दिलं न्हाई, म्हणून झालं ना हे समदं?"

"हो."

"मी बगितलं की. हळदीच्या घरात, दारात आलेल्या बाईला पाणी न्हाई." आता थापणं थांबलं. "तवाच उठावं वाटलं मला. पर पाव्हणे शेजारी बसलेले. काय म्हणतील, म्हणून बसले."

मग त्यांनी हुसेनभाईला आत बोलावलं. "भाई, शेवटच्या आदीचा डबा पुन्यांदा लावावा लागंल का?"

"हौ, उसके बगैर आखरी जुडताच नहीं."

"मग लावा," त्या म्हणाल्या आणि परात धुवायला घेतली.

दिवेलागणीला तंबू भरला. सांडगे उचलले होते, वास राहिला होता. मारोतीअप्पा पहिल्या रांगेत, काठी मांडीवर आडवी. बायांची बाजू दोरीपलीकडं, तिथं गोदा डोक्यावरून पदर घेऊन. मी मशीनजवळ उभा, शेवटचा डबा माझ्या काखेत. मागचं इंजन धडधडायलं आणि पडद्यावर ओली पावलं आली. पोरं ओरडली नाहीत. दुसऱ्यांदा बघायले तरी सगळ्यांनी पाय अंगाखाली ओढून घेतले. घागरीत घोट घेतल्याचा आवाज आला तेव्हा माझ्याही घशाला कोरड पडली, आणि मला तर शेवट माहीत होता.

वरात दारात आली. नवरीनं पाय उचलला. खाली, पडद्याच्या काठाशी, ती बाई बसलेली, ओंजळ पुढं.

कौसाबाई उठल्या. हातात तांब्या. दोरी वर करून त्या सरळ पडद्यापाशी गेल्या, त्यांची सावली नवरीच्या अंगावर पडली.

"ये बाय," त्या म्हणाल्या. शेजारणीशी बोलतात तसं, आवाज चढवला नाही. "पाणी घे. लगीनघर हाय, गडबडीत ऱ्हाऊन गेलं बग."

आणि तांब्यातलं पाणी त्यांनी त्या ओंजळीवर ओतलं. कापड भिजलं. जिथं भिजलं तिथून उजेड आरपार गेला आणि ओंजळ दिसेनाशी झाली. बाई तशीच बसलेली, हात मात्र विरून गेले. तेवढ्यात डबा संपला. पांढरा पडदा, खाली ओला डाग.

"पाणी प्यायला मुंबईहून आल्ती म्हणा की," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले, बाकीच्यांनी त्यांना गप केलं. कारण मारोतीअप्पा उठला होता. तो काठी टेकत पडद्याजवळ गेला. ओल्या जागेला त्यानं तळहात लावला, पुन्हा लावला. गोदाकडं मी बघितलं नाही. मला बघवलं नाही.

"प्याली," मारोतीअप्पा म्हणाला.

मग तो कौसाबाईंकडं वळला. "तांब्यात उरलंय का?"

त्यांनी तांब्या पुढं केला. उभ्यानंच, तोंड वर करून, शेवटच्या थेंबापर्यंत प्याला तो. मिशी पुसली. "हळद कवा लावायची, इहीणबाई?"

बायांच्या बाजूला एकदम बोलणं फुटलं. हुसेनभाई गोंधळून माझ्या काखेतल्या डब्याकडं बघायलेला. "बाई, आखरी डब्बा लगाऊं क्या?"

"कशाला?" कौसाबाई म्हणाल्या. "तिचं झालं की."

सकाळी तंबू उतरवायला अर्धं गाव लागलं. हुसेनभाई तिथून सोनपेठला गेला. तिकडं पूर्ण दाखवणार आहे, आणि पडद्याजवळ पाण्याचा रांजण ठेवणार आहे, असावा म्हणाला. मी आल्या वाटेनं परतलो. येताना ताडकळसला थांबून जेवा, पूर्णेपर्यंत मग काही मिळत नाही.

घरी येऊन हे लिहायलोय. मांडीवर डब्याच्या काठाचा वळ अजून आहे. ते बंद दार मला अजूनही आवडतं, ह्यात फरक नाही. पण गोदाला मी ते तोंडानं सांगितलं तेव्हा तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली होती, आणि ती भाकरी माझ्या घशातून उतरली नव्हती. तेवढं सोबत आलंय.

आता तुमी म्हणाल, बघ, शेवट लागतोच. अहो, शेवट माझ्या काखेत होता. पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून. तिथं एकानंही तो मागितला नाही, पाणी प्याल्यावर. ज्यांना पोरीचं बरं व्हावं वाटत होतं, त्यांच्यातली एक तांब्या घेऊन उठली. तुमी मात्र बसल्या जागेवरून मला म्हणायलात, शेवट दे, शेवट दे.

काय म्हणायचंय ते मागून म्हणा. गोदाच्या लग्नाच्या अक्षता आल्यात, टांगा दारात उभा आहे आणि पॅसेंजर माझ्यासाठी थांबत नाही. दार ओढून घ्या. मी निघालो.