विंझरचं कपडे धुण्याचं यंत्र

“मिस्त्री, सांजच्यापत्तुर चाललं तर चाललं. न्हाईतर झाकन काढून म्हशीला पानी पाजायला ठेवतो,” हवालदार म्हणाले.

मी तेव्हा भोरच्या भाताच्या गिरणीत फिटर होतो. पेन्शनीत निघालेल्या या हवालदारांनी पुण्याच्या कॅम्पातल्या लिलावातून कपडे धुण्याचं यंत्र विंझरला आणलं होतं. बायकोचं, सोनाआक्कांचं मनगट मोडून वाकडं बसलं होतं. कानंदी नदीच्या दगडावर धुणं बडवणं त्यांना जमेना. आणि आता यंत्रच बंद पडलं होतं. हवालदार म्हशीचं सांगत होते तेव्हा आक्का दारामागून माझ्याकडे अशा बघत होत्या, की मला पाना हातात घ्यायचीच भीती वाटली.

यंत्र म्हणजे लाकडी पिंप. झाकणावर हँडल, झाकणाखाली लटकणारं चार पायांचं स्टूल. हँडल फिरवलं की स्टूल अर्धा वळसा इकडे, अर्धा तिकडे फिरतं आणि कपडे घुसळतं. विजेचा संबंध नाही.

हँडल फिरवून पाहिलं. गरागरा फिरलं, पण स्टूल ढिम्म. म्हणजे दोघांमधला दुवा तुटलेला. झाकण उपसून गिअर पाहिले. दाते शाबूत होते. मग दांड्यातली पिन पाहिली, ती मधोमध तुटली होती. तिला शिअर पिन म्हणतात. ती मुद्दाम मऊ पितळेची करतात. ताण फार आला तर ती मोडते आणि गिअरचे दाते वाचतात.

“मोडायसाटीच बनवल्याली?” हवालदार खवळले. “पल्टनीत असं कुनी केलं असतं तर कोर्टमार्शल झालं असतं! हा घ्या गाडीचा खिळा. लोखंडी हाय. ठोका.”

“हा ठोकला तर पुढच्या खेपेला दाते जातील. ते विंझरात मिळतात का?”

त्यांनी खिळा परत खिशात टाकला. आक्कांनी आतून मोडकी पितळी पळी आणून दिली. तिच्या दांड्याच्या मी दोन पिना घासल्या, एक बसवली. स्टूल फिरलं. हवालदारांनी मिशीवर हात फिरवला आणि अंगणात जाऊन आळीला हाळी दिली, “चालू झालं! आना!”

पाहता पाहता शेजारणी आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर बोचकं. घट्ट गाठ मारलेली ती बोचकी तशीच, न सोडता, एकामागून एक पिंपात पडली. आक्कांनी वाकड्या हातानं हँडल धरलं. दोन फेरे झाले आणि आतून आवाज आला, कट्‌! पिन गेली.

मी कपाळाला हात लावला. “अहो, बोचकी सोडत का नाही?”

“सोडली तर यांचं धोतर त्यांच्यात जाईल की!” एक शेजारीण म्हणाली. “कुनाचं कुनात मिसळायचं न्हाई.”

“मग एकेकीचं वेगळं धुवा.”

“मंग दिसभर फिरवायचं कुनी?” आक्का हळूच म्हणाल्या. “आपलं धुनं दोन दिसांचं आसायचं. आता आक्ख्या आळीचं हाय. यांनीच सगळ्यांस्नी बलावलंय. नदी बरी हुती, मिस्त्री. तितं फकस्त आमचंच हुतं.”

मनगटासाठी आणलेल्या यंत्रानं मनगटाचीच वाट लावली होती. मला हवालदारांचा राग आला, आणि हसूही. माणूस मनानं चांगला होता. फक्त आपलं यंत्र गावानं बघावं, एवढाच त्याचा सोस.

मी दुसरी पिन बसवली, हात पुसले आणि साहेबी चेहरा केला. “हवालदार, पिन नाजूक आहे. ताण आला की हँडल जड लागतं, तेव्हा लगेच थांबायचं. हे कवायतीत मुरलेल्या हातालाच कळतं. गावात असा हात कुणाचा?”

हवालदारांनी ताठ होऊन इकडेतिकडे पाहिलं. “असा हात तर... आमचाच!”

“मग हँडलला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. आणि बोचकी सोडून, एका वेळी एकाच घरचं.”

हे मी साफ खोटं बोललो. हँडल जड लागलेलं कुणालाही कळतं. त्या दिवशी हवालदारांनी एकेका घरचं धुणं फिरवलं, डावं-उजवं म्हणत, घामाघूम होऊन. आक्का ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या आणि पदरात तोंड लपवून हसत होत्या. मला फार बरं वाटलं.

पुढे सुगीनंतर मी त्या वाटेनं गेलो तेव्हा तीच पिन टिकून होती. आळीचं धुणं पुन्हा नदीवर गेलं होतं, पिंपात फक्त घरचंच पडत होतं. हवालदारांचं म्हणणं असं, की यंत्राला विश्रांती लागते.

तेव्हापासून कुठलंही यंत्र उघडण्याआधी मी विचारतो, हँडल कोण फिरवतं? आणि ते फिरवायला लावतं कोण?