लंकाबाईंच्या डोक्यातलं धुकं

नाशिकच्या एका स्टँडवर लंकाबाईंचा आवाज बावीस वर्षं घुमत होता. कोणत्या स्टँडवर ते विचारू नका, उगाच कुणाच्या नोकरीत काडी घालायची नाहीये मला. काचेची एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर माईक आणि माईकसमोर जाड फ्रेमचा चष्मा लावून बसलेल्या लंकाबाई. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" असं त्यांनी म्हटलं की उसाचा रस पिणारा माणूससुद्धा ग्लास खाली ठेवायचा. कितीची गाडी, कोणत्या मार्गे, कोणत्या फलाटावर, सगळं तोंडपाठ. वेळापत्रक भिंतीवर टांगलेलं असे, पण त्याच्याकडे बघणं म्हणजे त्यांना स्वतःच्याच घराचा पत्ता लोकांना विचारल्यासारखं वाटे. नवीन आलेले कंट्रोलर कागद बघून बोलत. लंकाबाई त्यांना हसत.

तर अशा बाईंच्या डोक्यात गेल्या श्रावणापासून धुकं उतरायला लागलं.

दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं, माणूस निदान दुखतंय म्हणून सांगतो तरी! सकाळी उठावं तर डोकं झोपेतच राहिलेलं. पाय चालताहेत, हात पोळ्या लाटताहेत, आणि आपण मात्र कुठंतरी मागं, घोंगडी पांघरून बसलेलो. स्टँडवर माईकचं बटण दाबावं, समोर माणसं दिसावीत, आणि सगळं हळूहळू लांब जावं. 'चांदवड' हा शब्द तोंडात येई, पण त्याच्यामागं गाव नसे. नुसताच शब्द. मग जीभ सवयीनं पुढचं बोलून टाकी आणि बाई मनातल्या मनात म्हणत, चला, आजचं निभावलं.

आणि एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. ते धुकं वाईट नव्हतं. मऊ होतं. त्यात शिरलं की त्यांना पेठकडचा घाट दिसे, उतारावरची भाताची खाचरं दिसत, आणि खाचरांच्या बांधावरून सायकल हातात धरून चालत येणारे त्यांचे वडील, भिमाजी गुरुजी, दिसत. गुरुजींची बदली कावळदऱ्याच्या शाळेत झाली होती. लंकाबाईंचं लहानपण तिथंच गेलं. ती सायकल, तो ओला रस्ता, कानाशी पाण्याचा आवाज. असं वाटे, बसावं इथंच. कशाला परत जायचं?

मग त्या दचकून परत येत. कारण त्यांची आई, यशोदाबाई, अशीच गेली होती. आधी वस्तू विसरल्या, मग वार, मग माणसं. शेवटच्या वर्षी लेकीला "कोण गं तू, चांगली आहेस हो" म्हणायच्या. लंकाबाई आता बावन्न वर्षांच्या होत्या. आईचं सुरू झालं तेव्हा आईही साधारण तेवढीच होती, असं त्यांना वाटत होतं. नक्की आठवत नव्हतं, आणि नक्की आठवत नाही याचीच जास्त भीती वाटत होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंनी मूठ झाकून ठेवली. पौर्णिमेला विहारात वंदना सांगायला त्याच पुढं असत. एकदा पंचशीलातल्या तिसऱ्या शीलाशी गाडी अडली, पण सगळे एका सुरात म्हणत होते, कुणाला कळलं नाही. मात्र घरात किती दिवस लपणार? चहात दोनदा साखर पडली. गॅसवरचं दूध तीनदा उतू गेलं. मग काय, औषधं सांगणाऱ्यांची जत्राच भरली! नणंदेनं भिजवलेले बदाम सांगितले. शेजारच्या आशाताईंनी ब्राह्मीचं तेल आणून दिलं. नवरा दीपक म्हणाला, "अगं, डोक्याला काम दे," आणि पेपरातली शब्दकोडी कापून ठेवायला लागला. बावीस वर्षं दिवसाला दोनशे गाड्यांचं काम असलेलं डोकं, त्याला हा माणूस कोडी देतोय! लेक तेजल तेवढी म्हणाली, "मम्मी, डॉक्टरकडे चल." तर तिच्यावरच खेकसल्या. डॉक्टरनं आईचं नाव घेतलं तर? त्यापेक्षा बदाम बरे.

बदाम खाल्ले, तेल चोळलं, कोडी सोडवली. उशीला वास लागला, दुसरा फरक काही पडला नाही.

आणि मग पौषातली ती दुपार आली. बाहेर थंडी, काचेवर ऊन. लंकाबाईंनी बटण दाबलं. पेठची गाडी लागली होती, तिची घोषणा करायची. "नाशिकहून..." म्हणाल्या आणि धुकं आलं. आत घाट दिसायला लागला, खाचरं, सायकल. जीभ आपली सवयीनं चालत राहिली. गोड, ठाम, नेहमीच्या आवाजात सगळ्या स्टँडला ऐकू गेलं, "नाशिकहून पेठमार्गे कावळदऱ्याला मुक्कामी जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागणार आहे."

कावळदऱ्याची मुक्कामाची गाडी बंद होऊन अठरा वर्षं झाली होती. त्या रस्त्याला जीपा सुरू झाल्या, गाडीला माणूस मिळेना, डेपोनं ती काढून टाकली. पण गाड्या बंद होतात, त्यांच्या घोषणा काही बंद होत नाहीत. त्या जिभेच्या तळाशी पडून राहतात. माईकवर आयुष्य काढलेल्या माणसाकडूनच अशी चूक होऊ शकते, दुसऱ्या कुणाच्या तोंडात ते वाक्य मुळात असतंच कुठं?

आपण काय बोललो हे लंकाबाईंना कळलंसुद्धा नाही. दोन तासांनी ड्यूटी संपवून त्या डबा घेऊन निघाल्या, तर सात नंबरच्या बाकावर एक म्हातारा बसलेला. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, मांडीवर पिशवी. त्या फलाटावर पुढच्या तासाभरात गाडीच नव्हती.

"बाबा, कुठं जायचं?"

"कावळदऱ्याला." म्हाताऱ्यानं उघडा डोळा त्यांच्याकडे वळवला. "मुक्कामाची गाडी लागायची हाय ना इथं."

"ती कधीच बंद झाली बाबा. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मघाशी भोंग्यावर बाईनी सांगितलं की. मलाबी नवल वाटलं. म्हटलं, परत सुरू केली जनू. बरं झालं. डोळ्याचं आपरेशन झालंय, जीपमधी लय धक्के बसत्यात." मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या म्होरनं पेठची एक गाडी गेली, पन मी नाय चढलो. बाईनी सांगितलं म्हंजी ती येनारच."

लंकाबाईंना कळलं, दुपारी आपल्याच तोंडून काय गेलं ते. त्यांनी म्हाताऱ्याचं नाव विचारलं. बहिरू. त्या बाकावर त्याच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "ती बाई मीच. माझं चुकलं, बाबा." बहिरूला ते पटलंच नाही. तो उलट त्यांचीच समजूत काढायला लागला, गाडीला उशीर झाला असंल, तुमी कशापायी वाईट वाटून घेता. शिवी दिली असती तर सोसलं असतं. त्या विश्वासानंच जीव गेला.

पेठच्या पुढच्या गाडीत त्यांनी त्याला खिडकीशी बसवलं, कंडक्टरला दहादा बजावलं. पण फाट्यापासून गाव तीन किलोमीटर. एका डोळ्यानं, अंधारात, तो म्हातारा चालत गेला असेल. हे लंकाबाईंच्या मनातून जाईना. स्वतःचं काय व्हायचं ते होवो, पण आपल्या शब्दावर माणूस बसून राहतो, आणि आपला शब्द पोकळ निघतो? दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब भला माणूस, पण साहेबच. म्हणाला, "मॅडम, काही दिवस पासच्या खिडकीवर बसा. घोषणा रेकॉर्डवर टाकू. तुम्हाला बरं वाटलं तर बघू." बरं वाटलं तर! बाई खाली मान घालून पासच्या खिडकीवर गेल्या आणि संध्याकाळी तेजलला म्हणाल्या, "घे तुझ्या त्या डॉक्टरची वेळ."

डॉक्टर स्नेहा तेजलपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. लंकाबाईंना वाटलं, या पोरीला काय कळणार. पण पोरगी ऐकत होती. मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. झोप किती? पाळी कधी थांबली? जेवता काय? गोळ्या कोणत्या? "साखरेची एकच, नऊ वर्षं झाली," लंकाबाई म्हणाल्या. डॉक्टरनं ते वहीत लिहून खाली रेघ मारली आणि रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आला तेव्हा लंकाबाईंनी विचारायचं ते विचारून टाकलं. "आईचंच आलंय ना मला?"

"तुमच्या आईंना काय होतं ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाली. "पण तुमचं बी-ट्वेल्व खूप खाली आहे. साखरेची काही औषधं वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं. त्यात तुमच्या शिफ्ट, सकाळ-रात्र, झोपेचा पत्ता नाही. थायरॉईडही थोडं ढळलंय. हे भरून काढता येतं. साखरेची गोळी मनानं बंद करू नका, इंजेक्शनं घ्या, आणि तीन महिने रात्रपाळी नको."

"म्हणजे सगळं पहिल्यासारखं होईल?"

"बरंचसं. सगळं होईल असं वचन मी देत नाही. एखादा दिवस डोकं जड राहील. त्या दिवशी लढू नका त्याच्याशी. थांबा. कागद बघा. माणसं कागद बघतात, त्यात काय?"

बाहेर येऊन लंकाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. तेजल घाबरली. "मम्मी, चांगलं सांगितलंय ना त्यांनी?" चांगलंच सांगितलं होतं. सहा महिने आईच्या वाटेनं एकटीच चालत होत्या, ती वाट आपली नाही हे कळल्यावर माणूस दुसरं काय करणार!

दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या. आधी एक दिवसाआड सुई, मग आठवड्यातून एक. पहिले पंधरा दिवस काहीच कळलं नाही. दहा वाजता दिवा बंद, हा दीपकचा हुकूम. त्यानं कोडी कापायची सोडून दिली आणि सकाळी बायकोला गोदेच्या काठानं फिरवायला न्यायला लागला. माघ संपता संपता एका सकाळी पाण्यावर खरंच धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, देवळांची शिखरं तेवढी वर तरंगत होती. लंकाबाई चालता चालता थांबल्या. धुकं बाहेर होतं, सगळं बाहेर. त्यांच्या डोक्यात चांदवड होतं, आणि चांदवडच्या मागं चांदवड गाव, त्याचा डोंगर, स्टँडसमोरचं पेढ्यांचं दुकान, सगळं जागच्या जागी. "अहो," त्या म्हणाल्या, "मला सगळं दिसतंय." दीपकला काही दिसत नव्हतं, तरी तो "हो" म्हणाला.

तरी माईकजवळ जायची हिंमत होईना. साहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणाल्या. मग चैत्र लागला. सप्तशृंगीच्या गडाची यात्रा. स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही, जादा गाड्या दर दहा मिनिटांनी सुटताहेत, आणि रेकॉर्डवरच्या बाईला जादा गाड्यांची काय खबर? ती आपली रोजच्याच गाड्या सांगतेय. लोक सहावरून तीनवर, तीनवरून सहावर धावताहेत. एक लेकुरवाळी बाई गर्दीत पडता पडता वाचली. साहेब पासच्या खिडकीशी आला, कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "मॅडम, आता हात जोडतो."

लंकाबाई उठल्या. काचेच्या खोलीत जाऊन बसल्या. जादा गाड्यांचा कागद समोर ओढला. बटण दाबलं. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." स्टँडभर आवाज पसरला, आणि खरं सांगतो, अर्ध्या लोकांनी वर भोंग्याकडे बघितलं. एक गाडी सांगितली. दुसरी सांगितली. पाच सांगितल्या. न बघता सांगायला लागल्या, जुनी खोड! सहाव्या गाडीला म्हणाल्या, "नाशिकहून वणीमार्गे सप्तशृंगगडाकडे जाणारी जादा गाडी फलाट क्रमांक..."

आणि पांढरं.

मऊ, ओळखीचं. आत घाट उघडायला लागला. जीभ पुढं सरकली. तिच्याकडे आकडा तयार होता, तिच्याकडे कुठला ना कुठला आकडा नेहमीच तयार असतो. लंकाबाईंनी ओठ मिटले. दातांत जीभ धरली. भोंग्यातून नुसती घरघर येत होती. साहेब दारात ताठ झाला.

"थांबा," लंकाबाई माईकवर म्हणाल्या. "मला आत्ता आठवत नाहीये. जागचं हलू नका. मी बघून सांगते."

बावीस वर्षांत भोंग्यावरून असं कुणी बोललं नव्हतं. एवढी मोठी गर्दी, पिशव्या, पोरं, झेंडे, सगळं जागच्या जागी. मग काचेपलीकडून, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका बाईनं तोंडाशी हात धरून ओरडून सांगितलं, "सावकाश सांगा ओ बाई! आम्ही कुठं पळून चाललोय!"

लोक हसले. लंकाबाईंनी चष्मा सारखा केला, कागदावर बोट ठेवलं, एक ओळ खाली, आणखी एक. "तीन," त्या म्हणाल्या. "फलाट क्रमांक तीन." आणि मग त्यांना रडू कोसळलं. माईक चालूच होता. साऱ्या स्टँडनं बाईंचं नाक ओढणं ऐकलं, आणि माणसं तीन नंबरकडे चालू लागली.