म्हसोबाच्या माळावर हत्ती

निलंग्याच्या बसस्टँडमागच्या बोळात लुंबिनी सोनकांबळेचं दुकान आहे. पाटीवर ‘वॉकीटॉकी व वायरलेस दुरुस्ती’ एवढंच लिहिलंय. माझं झेरॉक्सचं दुकान तिच्या शेजारी, त्यामुळं ही हकीकत मला तिच्याकडूनही कळली आणि साखर कारखान्यातल्या वीरण्णांकडूनही. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता. वीरण्णांच्या सांगण्यात धुकं जरा जास्त होतं, एवढंच.

लुंबिनी देवणीकडची. भूकंप झाला तेव्हा ती तिसरीत होती. तिच्या घराला नुसते तडे गेले, पण मामाचं गाव किल्लारीच्या बाजूला होतं आणि तिकडची काहीच खबर लागत नव्हती. तिची आई पंचफुला लेकीचा हात धरून चालत, मिळेल त्या गाडीत बसत निलंग्याला आली. तिथं शाळेच्या मैदानात एक माणूस गाडीच्या बॅटरीला वायरलेसची पेटी जोडून बसला होता. पेटीची तार लिंबाच्या फांदीवर टाकलेली होती. पंचफुलानं भावाचं नाव सांगितलं, त्यानं ते नाव पेटीत म्हटलं आणि थांबायला सांगितलं. मायलेकी लिंबाखाली बसून राहिल्या. ऊन कललं तेव्हा खरखरीतून मामाचं नाव परत आलं, आणि मागोमाग, ‘आहे. पाय मोडलाय, पण आहे.’ पंचफुला रडायला लागली. लुंबिनी मात्र त्या तारेकडं बघत होती. तारेवर काहीच दिसत नव्हतं. एक साळुंकी बसली होती, ती उडून गेली.

पुढं तिनं लातूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स केलं, तिथल्याच एका दुकानात वायरलेस सेट उघडायला शिकली. मुरुडला दिली होती. ते लग्न टिकलं नाही. परत येऊन तिनं आईला जवळ आणलं आणि हे दुकान टाकलं. यात्रा, मंगल कार्यालयं, खडीच्या खाणी, साखर कारखाने, सगळीकडचं काम तिच्याकडं येतं. कमरेला पट्टा बांधून टॉवरवर ती अशी चढते, की खाली उभा असलेला माणूसच घाबरा होतो.

आता मोबाईलच्या जमान्यात वॉकीटॉकी कशाला, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “ओढ्याकाठच्या उसाच्या फडात फोन लागत न्हाई. आणि लागला तरी एकाशीच बोलणं हुतंय. सेटवर एक बोलला की समद्यांला कळतंय.”

सीमेजवळच्या एका कारखान्याचं काम तिच्याकडं होतं. ऊस वाहणारे ट्रॅक्टर, फडातले मुकादम, वजनकाट्यावरचे लोक, सगळ्यांकडं सेट. सेटचा आवाज काही लांब जात नाही, म्हणून म्हसोबाच्या माळावर तिनं टॉवर उभा करून त्यावर रिपीटर बसवला होता. रिपीटर म्हणजे मधला माणूसच. खालून आलेला बारीक आवाज ऐकायचा आणि तोच मोठ्यानं पुन्हा म्हणायचा. माळावरून तो म्हणाला की सगळ्या शिवाराला ऐकू जायचं.

त्या हिवाळ्यात रिपीटर बिघडला. म्हणजे तसं सगळ्यांना वाटलं. थंडी पडली तशी रोज पहाटेपासून ऊन वर येईपर्यंत चॅनलवर भलतंच काहीतरी बोलणं यायचं आणि ड्रायव्हरांचा आवाज त्याखाली दबून जायचा. ऊन तापलं की सगळं ठीक. एका पहाटे शिवम नावाच्या ड्रायव्हरची ट्रॉली रस्त्याकडेच्या चारीत कलंडली. हात अडकून तो सेटवर ओरडत राहिला, पण त्याचं ओरडणं कुणापर्यंत पोचलंच नाही. मागून येणाऱ्या गाडीवाल्याला तो दिसला म्हणून बरं. हातावर निभावलं.

मॅनेजरनी लुंबिनीला बोलावून घेतलं. “मॅडम, काय लागेल ते सामान सांगा, पण हे थांबवा. पोरगं थोडक्यात वाचलं.”

तिनं केबल बघितली, पाणी शिरलंय का बघितलं. कनेक्टर बदलले, अँटेना उतरवून तपासली. दिवसा सगळं ठणठणीत होतं. दुसऱ्या पहाटे परत तेच.

कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये वीरण्णा बसायचे. निलंग्याचेच, कपाळावर विभूतीचे पट्टे, घरात कानडी बोलणारे. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, “लुंबिनीबाई, मशीन बिघडलं न्हाई. त्यात कुणीतरी बाई बोलून राहिली. मी समद्यांला सांगितलं, हसाय लागले मला.”

“काय बोलती, अण्णा?”

“हत्तीचं सांगती. कानडीत. आने हळ्ळ दाटली म्हणती. म्हंजे हत्ती वढा वलांडून गेले. कळपात एक बारकं पिल्लू हाय म्हणती.”

आमच्या शिवारात हत्ती फक्त सर्कशीच्या गाडीत येतो. पण लुंबिनी हसली नाही. दुसऱ्या दिवशी अंधार विरळ होत असताना ती वीरण्णांना गाडीवर मागं बसवून माळावर गेली. कंट्रोलला त्यांनी दुसऱ्याला बसवलं होतं.

वीरण्णा सांगतात, माळावर पोचलो तर खाली पृथ्वीच नव्हती. धुकं दुधासारखं भरून राहिलेलं. ऊस नाही, ओढा नाही, रस्ता नाही. लांब कारखान्याची चिमणी तेवढी वर निघालेली, आणि तिचा धूर सरळ वर जाऊन एका उंचीवर थबकून आडवा पसरलेला, जणू वरून कुणी काच धरलीय. लुंबिनीनं त्या धुराकडं पाहिलं आणि तिला उलगडलं. खाली गार हवा साचली, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसलं. एरवी सेटचा आवाज सरळ आभाळात निघून जातो. या झाकणाखाली तो पाटाच्या पाण्यासारखा वाहत लांबवर जातो. ऊन आलं की पाट फुटतो. कुठंतरी लांब कुणाला हेच चॅनल मिळालेलं असणार, आणि त्यांचा आवाज पाटानं इथवर येत असणार.

तेवढ्यात हातातला सेट बोलायला लागला. बाईचा आवाज, शांत, जरा घोगरा. घाई नाही. वीरण्णा हळू आवाजात अर्थ सांगत गेले. बांबूच्या बेटात आहेत. पाच-सहा असतील. पिल्लू आईच्या पोटाखाली आहे. शाळेची पोरं खालच्या वाटेनं आणा.

धुक्याच्या त्या दुधात लुंबिनीला हत्ती दिसायला लागले. चिमणीच्या अलीकडून ते सावकाश चालले होते, पाठी तेवढ्या वर, बाकी सगळे बुडालेले. ती मला म्हणाली, “खोटं वाटंल, पण मी त्यांला वाट द्यावी म्हणून बाजूला सरकले.”

बोलणं थांबलं तसं तिनं सेट वीरण्णांपुढं धरला. “विचारा, अण्णा.”

“काय इचारू?”

“कोण हाय म्हणून इचारा की.”

वीरण्णांनी घसा साफ केला. “यारदु?”

आधी नुसती खरखर. मग तोच आवाज, पण आता दबकलेला. तुम्ही कोण? वीरण्णांनी सांगितलं, आम्ही निलंग्याचे, साखर कारखान्याचे. पलीकडं आणखी दोन-तीन माणसांचा गलका झाला, हसणं ऐकू आलं. मग त्या बाईनं विचारलं, “मग गव्हाण कोण आहे?”

वीरण्णांना कळेना. बाई म्हणाली, रोज सकाळी तुमची माणसं आमच्या सेटवर बोलतात. बाकी काही कळत नाही, पण दर वाक्यात गव्हाण, गव्हाण. आम्हाला वाटलं गव्हाण नावाचा कुणी मोठा माणूस असेल, सगळे त्यालाच हाका मारतात.

ऊस जिथं टाकतात ती कारखान्याची गव्हाण. वीरण्णा समजावताना इतके हसले, की लुंबिनीला त्यांच्या हातातला सेट धरून ठेवावा लागला.

तिचं नाव सिंधु. घाटाकडच्या जंगलात वनखात्याच्या चौकीवर पाळत ठेवायचं काम करायची. हत्ती गावाच्या वाटेवर आले की आजूबाजूच्या वस्त्यांना सेटवरून कळवायचं, हे तिचं रोजचं. चौकीमागच्या टेकडीवर त्यांचाही रिपीटर होता. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, तुमच्यामुळं आमचीही अडचण होते. परवा दूधवाल्याला थांबवायचं होतं, तर वर तुमचा गव्हाण. वाटेत हत्तीची ताजी लीद दिसली म्हणून तो आपणहून माघारी वळला.

उपाय लुंबिनीला ठाऊक होता. प्रत्येक सेटच्या आवाजाखाली एक बारीक गुणगुण लावता येते, माणसाच्या कानाला न कळणारी. तिला टोन म्हणतात. रिपीटरला सांगून ठेवायचं, ही गुणगुण असेल त्यालाच दार उघड, बाकीच्यांना नाही. दोन्हीकडं वेगवेगळे टोन लावले की दोघांची दारं एकमेकांना बंद.

ते काम तिनं त्या दिवशी केलं नाही. मॅनेजरना म्हणाली, अजून एकदा पहाटे तपासावं लागेल. दुसऱ्या पहाटे ती वीरण्णांना घेऊन परत माळावर गेली, तिसऱ्याही. सिंधु तिला आता ‘अक्का’ म्हणायला लागली होती. अक्का, काल पिल्लू चिखलात घसरलं, आईनं सोंडेनं ओढलं. अक्का, तुमच्याकडं ऊस एवढा आहे तर आमच्या हत्तींना कळू देऊ नका. लुंबिनी घरी येऊन हे आईला सांगायची. पंचफुला भाकरी थापता थापता ऐकायची. एक दिवस ती म्हणाली, “ते पोरगं चारीत पडलं हुतं, त्याचं काय झालं?”

“बरं हाय आता.”

“मग दुसरं पडायची वाट बघतीस का?”

लुंबिनीनं ताट बाजूला सारलं आणि हत्यारांची पिशवी भरायला घेतली.

सिंधुनं उपाय ऐकून तोवर आपल्या साहेबांची परवानगी काढली होती. त्यांचा मेकॅनिक शहरातून यायला वेळ लागणार होता, म्हणून लुंबिनीनंच हवेतून सांगायचं आणि तिकडं त्यांनी करायचं असं ठरलं. आधी लुंबिनीनं कारखान्याचे सगळे सेट गोळा करून त्यांना टोन लावले. अँटेनाही टॉवरच्या उलट्या अंगाला घेतली, म्हणजे घाटाकडं आवाज कमी जावा. मग धुक्याची एक पहाट बघून ती आणि वीरण्णा माळावर गेले.

ती सांगायची, वीरण्णा कानडी करायचे, आणि कुठंतरी शेकडो कोसांवर बोटं हलायची. या बटणावर दाबून धरा. आता खाली जा. टोन असं लिहिलेलं आलं का? आलं. एकेक सेट झाला. शेवटी रिपीटर राहिला. सिंधु टेकडीवर चढली, डबा उघडला. आत लहान खटक्यांची ओळ होती. लुंबिनीनं कुठले वर, कुठले खाली ते सांगितलं. सांगताना तिचा आवाज कामाचा होता. वीरण्णा मात्र प्रत्येक खटका दोन-दोनदा सांगत होते.

“ऐकू येतंय का?” लुंबिनीनं विचारलं. वीरण्णांनी ते कानडीत म्हटलं.

सेटमधून सिंधुचा आवाज स्पष्ट आला. “अक्का? अक्का?”

“हाव, हाव, बोला,” लुंबिनी म्हणाली. पण तिकडचं दार आता तिच्या आवाजाला बंद झालं होतं. तिच्या स्वतःच्या सेटला अजून टोन लावला नव्हता, म्हणून तिला सिंधु ऐकू येत होती. सिंधुला ती नव्हती. सिंधुनं आणखी एकदा हाक मारली, मग ओळखलं आणि हसली. काहीतरी लांबलचक बोलली.

“काय म्हणाली?”

वीरण्णांनी उपरण्यानं नाक पुसलं. “म्हणती, ऐकू येईना म्हंजे काम झालं. म्हणती, उन्हाळ्यात आने पाण्यावर उतरतात. अक्का, बर्री. यावं म्हणती.”

खाली धुकं फाटायला लागलं होतं. उसाचे तुरे दिसले, रस्ता दिसला, रस्त्यावरून रांगेनं निघालेले ट्रॅक्टर दिसले. लुंबिनीनं माळावरच्या रिपीटरला टोन लावला, मग आपल्या सेटला. खरखर बंद झाली. लगेच एका ड्रायव्हरचा आवाज आला, “फाट्यावर हाय, काटा रिकामा हाय का?” आणि त्याला तिथल्या तिथं उत्तर मिळालं.

गाळप संपलं आणि कारखान्याचा भोंगा थांबला, तेव्हा लुंबिनीनं मला दुकानाची किल्ली दिली आणि बिदरची बस धरली. सिंधुनं चौकीजवळच्या गावाचं नाव सांगून ठेवलं होतं. तीन गाड्या बदलून ती पोचली. तिला वाटलं होतं अंगानं धिप्पाड, तरणी बाई असेल. फाट्यावर उभी होती ती पिकल्या केसांची, चणीनं लहान, खाकी शर्टाखाली पातळ नेसलेली आजीबाईच. तिलाच अक्का म्हणायला पाहिजे होतं. लुंबिनीला कानडीचे चार शब्द, सिंधुला मराठीचा एकच, गव्हाण. दोघींनी मिळून वीरण्णांना फोन लावला; ते अर्धं वाक्य बोलले आणि रेंज गेली. मग दोघी खुणांवर आल्या.

मचाणावर बसून लुंबिनीनं हत्ती पाहिले. तिला कायम वाटायचं की एवढं जनावर आलं म्हणजे जमीन हादरेल. पण ते आले तेव्हा कसलाच आवाज झाला नाही. झाडांमधली सावली हलली आणि पाण्याशी येऊन उभी राहिली, एवढंच. किती वेळ ते होते ते तिला सांगता येत नाही. सिंधुनं तिच्या मनगटावर हात ठेवला होता, तो तिला आठवतो.

आता ती दर उन्हाळ्यात जाते. वीरण्णा निवृत्त झाले. संध्याकाळी दुकानात बसून तिला कानडी शिकवतात, आणि ती चुकली की माझ्याकडं बघून हसतात. यंदा तिनं पंचफुलालाही नेलं. म्हातारीनं हत्तींकडं फार लक्ष दिलं नाही म्हणे. तिथली नदी उन्हाळ्यातही भरून वाहत होती. पंचफुला लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन खडकावर बसली, पाय पाण्यात सोडले, आणि सिंधुनं दोनदा जेवायला हाक मारली तरी उठली नाही. “थांब जरा,” म्हणाली, “लई गोड लागून राहिलं पायाला.”