आईची पाठ आणि माझे कान

आमच्या घरात हळू बोलणं कुणाला जमतच नाही. आईची उभी हयात अंधेरीच्या बाजारात मासळी विकण्यात गेली. गिऱ्हाईक बाजाराच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी तिचा आवाज पोचतो. पोचत नव्हता तो फक्त मला. तिशीत तापाने माझे दोन्ही कान पार गेले. समोरच्याचे ओठ बघून मी बोलणं ओळखायचे. त्याने तोंड फिरवलं की खेळ खलास. आईने याचा पुरेपूर फायदा घेतला. माझ्याकडे पाठ करून ती माझ्यावरचा सगळा राग बडबडून टाकायची. हे मला बहिणीने सांगितलं.

मग ऑपरेशन झालं. कानाच्या आत, शंखासारख्या भागात एक बारीक तार बसवली. कानामागचं यंत्र आवाज टिपून त्याचे विजेचे इशारे करतं आणि तार ते थेट नसेला देते. पण यंत्र सुरू केलं त्या दिवशी आई बोलली, तर पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं वाटलं. मला रडूच फुटलं. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, "अहो, मेंदूला सवय होऊ द्या. घरी रोज सराव करा. बोलणाऱ्याने ओठ झाकायचे, आणि ओरडायचं नाही."

ओरडायचं नाही! कुणाला सांगताय बाई?

आई तोंडापुढे पदर धरून माशांची नावं घ्यायची. "पापलेट! बोंबील! मांदेली!" अशी किंचाळायची की यंत्रात नुसता गोंगाट. वर लबाडी. पापलेटला भुवया उंच, बोंबलाला हात लुळा. मी फटाफट ओळखायचे आणि ती खूश.

"आये, चीटिंग करतेस तू!"

"ओळखलंस ना? मग झालं तर!"

कसलं झालं? एवढा खटाटोप करून जन्मभर लोकांच्या तोंडाकडेच बघत बसायचं की काय, या भीतीने माझा जीव खालीवर व्हायचा. शेवटी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. आवाज खाली आणायला तिला कितीतरी महिने लागले. तोवर माझे खिळेही कमी होत गेले. सरावातली नावं जमायला लागली, पण ती ठरलेलीच होती.

एका दुपारी ती माझ्याकडे पाठ करून मांदेली साफ करत होती. मी कांदा चिरत होते. नळ बंद होता.

"भांडी घासते की नुसती भिजवते, देव जाणे. एवढी घोडी झाली..."

"घोडी कुणाला म्हणतेस गं?"

तिचे हात थांबले. वळली नाही. भिंतीकडे बघतच, अगदी हळू म्हणाली, "आणखी काय ऐकलंस?"

"भांड्यांचं."

तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती, कळेना. मी मात्र रडत होते आणि मला इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही. माझ्या पाठीमागे बोललेलं मला कळलं होतं!

मग पाठ तशीच ठेवून ती म्हणाली, "ऐकलंस ना? मग घास आता नीट."

तेही ऐकू आलं. मी उठले आणि सगळी भांडी पुन्हा घासायला घेतली.