बेगम नाझ रडायला बसल्या

तुफैलला आंघोळ घालून, कफन चढवून अंगणात खाटेवर ठेवलं होतं. बाहेर गल्लीत मंडपाखाली पुरुष बसले होते आणि मौलवीसाहेब सारखे निरोप धाडत होते, की दुपारची नमाज आटपली की न्यायचं, उशीर नको. आत सतरंजीवर आम्ही गल्लीभरच्या बाया दाटीवाटीनं बसलो होतो आणि एकीच्याही तोंडून हुंदका फुटत नव्हता. दुःख नव्हतं असं नाही. तुफैलसारखा माणूस पंजाबातल्या आमच्या चिचावतनीत दुसरा नव्हता. पण आमच्यात रीत अशी, की गेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या बाईनं आधी हेल काढायचा. ती त्याला नावानं हाक मारून काय बोलायचं ते बोलते, लाडानं शिव्याही घालते, मग बाकीच्या गळा मोकळा करतात. मौलवीसाहेब दर शुक्रवारी सांगतात की असं रडणं बरं नव्हे, आणि त्यांची आई गेली तेव्हा त्यांच्या बायकोचा हेल स्टेशनापर्यंत ऐकू आला होता.

तर हेल काढायचा होता विधवेनं. विधवा म्हणजे माझी शेजारीण, बेगम नाझ. ती खाटेच्या उशाशी पांढरी ओढणी घेऊन ताठ बसली होती आणि येईल तिला उर्दूत सांगत होती, "अल्लाहची मर्जी. आपण तसदी घेतलीत, आम्ही आभारी आहोत."

असं ऐकून कोण रडणार? विजेचं बिल भरायच्या खिडकीपाशी कुणाला रडू येतं का?

तुफैलची बहीण हुसैन बीबी गावाहून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून बाया घेऊन आली होती. त्या बिचाऱ्या वाटेपासूनच पदर डोळ्यांशी धरून तयार होत्या. आता ताटकळून ताटकळून एक तर चक्क जांभया देत होती. हुसैन बीबी माझ्या कानाशी लागली. "रशीदां, ही रडणारे का? का आधी अर्ज द्यावा लागतो?"

मला सगळं ठाऊक होतं.

नाझ हे काही तिचं नाव नव्हे. ती नजीरां. आम्ही दोघी एकाच हिवाळ्यात या गल्लीत सुना होऊन आलो. तेव्हा तिचा आवाज असा होता, की तिनं गच्चीवरून हाक मारली तर कालव्यावरची म्हैस मान वर करायची. लग्नात ढोलकी तिच्याच पुढ्यात यायची. कुणाच्या सासूची नक्कल करावी तर तिनंच. नवरा नहर खात्यात, म्हणजे कालव्यांच्या कचेरीत, कारकून, साधा, हसरा. दोघं रात्री जेवताना अशी बोलायची की भिंतीपलीकडे आमचं जेवण थंड व्हायचं.

मग एकदा तुफैलच्या साहेबाच्या बंगल्यावर चहा होता. नजीरां नवी सलवार-कमीज घालून गेली आणि आपल्या पंजाबीत मोकळेपणी बोलली. साहेबाच्या बेगमेनं ओढणीआड हसून तुफैलला उर्दूत विचारलं, "कामाला बाई फार छान मिळाली हं आपल्याला. आणि आपल्या पत्नी नाही आल्या?"

नजीरां घरी आली ती माझ्या गळ्यात पडून रडली. त्या रडण्यात पंजाबी होती, ती शेवटचीच म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून तिनं कानाला खडा लावला. उर्दू शिकली ती टीव्हीवरच्या बातम्या ऐकून आणि बायकांची मासिकं वाचून. त्यामुळे बोलणं कसं, तर "आता आपण भोजनाकडे वळू या". भाजी करपली तरी वाटायचं, हिच्या पाठोपाठ हवामानाचा अंदाज येणार. नजीरांची नाझ झाली, नाझची बेगम नाझ झाली, आणि मला ती 'रशीदां बहन, आपण' म्हणायला लागली. जिच्याबरोबर मी शेण थापलं, ती मला 'आपण' म्हणते! माझं डोकंच फिरलं होतं.

पुढे कळलं ते आणखी मजेशीर. ती साहेबाची बेगम गुजरांवाल्याची, पहिलवानाची मुलगी, घरात अस्सल पंजाबी. उर्दू अंगाईत ऐकलेली बाई आमच्या अख्ख्या गल्लीत औषधाला नव्हती. सगळ्याच जणी उसना दागिना घालून एकमेकींना दिपवत होत्या.

नजीरांला मुलगा झाला. नाव ठेवलं शहरयार, मासिकातल्या नवाबाचं. आणि फर्मान निघालं, की पोरासमोर पंजाबीचा शब्द नको. शब्दांना काय, कुठं तरी जावंच लागतं. ते गेले मागच्या अंगणात. बेगम नाझ आता पंजाबी बोलायची ती फक्त म्हशीशी, झाडूवालीशी, आणि राग अनावर झाला की भिंतींशी. पोराच्या कानावर पंजाबी पडायची ती एवढीच. 'सरक मागं', 'मर मेले', 'कुठं उलथलीस'. एकदा त्याची आजी गावाहून आली. पोराला वाटलं, दादीशी तिच्या भाषेत बोलावं. धावत जाऊन लाडानं म्हणाला, "सरक गं मागं, मेले, लाथ मारशील!" म्हातारी हसून हसून खाटेवर कोसळली. नजीरां मात्र हसली नाही. दुसरी कुणी शहाणी असती तर तिनं पोराला चार गोड शब्द शिकवले असते. हिनं पुढच्या वर्षीपासून सासूला बोलावणंच सोडलं.

आणि तुफैल? त्यानं मिठाची गुळणी धरली. उर्दू त्याला येत नव्हती असं नाही. आयुष्यभर सरकारी कागद उर्दूतच लिहिले त्यानं, सुरेख लिहिले. पण घरात त्याची जीभ वळायची नाही. घरी बोलायचा ती दोन वाक्यं, 'जी बेगम' आणि 'नको, पोट भरलं'. संध्याकाळ झाली की आमच्या दारातल्या खाटेवर येऊन बसायचा, माझ्या नवऱ्याबरोबर हुक्का ओढत असा बोलायचा, असा बोलायचा, की आमची पोरं अभ्यास टाकून ऐकत बसायची. मग भिंतीपलीकडून "जेवण मांडलं आहे, तशरीफ आणावी" असं आलं की माणूस विझायचा आणि उठून जायचा.

एकदा माझा नवरा त्याला म्हणाला, की बाबा, उर्दू तर मुलखाची भाषा, तिला नाही कसं म्हणायचं? कराचीचा माणूस, पेशावरचा माणूस, आपला माणूस, एकमेकांशी बोलणार कशात?

"मी कुठं नाही म्हणतो?" तुफैल म्हणाला. "मोठ्या घरची पाहुणी आहे ती. बैठकीत बसवा, चांगल्या कपात चहा द्या, आल्यागेल्याशी तिनंच बोलावं. पण माझ्या बाईनं तिला स्वयंपाकघराच्या किल्ल्या दिल्या रे. आता मला माझ्याच घरात भाकरी मागायची लाज वाटते."

मी हे नजीरांला सांगितलं. ती म्हणाली, "मुलाच्या भविष्याचा प्रश्न आहे, रशीदां बहन." आणि खोटं कशाला बोलू, भविष्य झालं त्याचं. शहरयार लाहोरला बँकेत अधिकारी आहे, गाडी आहे, बायकोही तशीच साहेबी. फक्त त्यांचा मुलगा आता इंग्रजीत बोलतो, आणि उर्दू त्यांच्या घरी मोलकरणीशी बोलायची भाषा झाली आहे. म्हणजे बेगम नाझची उर्दूही अखेर मागच्या अंगणात पोचली. ती लाहोरला गेली की नातू तिच्याकडे बघून आईला विचारतो, की दादी अशी का बोलते.

असो. अंगणात तुफैल वाट बघत होता.

हुसैन बीबीचा धीर सुटला. ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भावजय, पुरुष आत येतील आता. बहीण आहे, मी काढते हेल. पण मग गावात जाऊन सांगेन, माझ्या भावाला त्याची बायको रडली नाही. बेवारशासारखा गेला."

याहून वाईट आमच्यात काही बोलत नाहीत. नजीरांनं ओठ ओले केले, खाटेकडे वळली आणि सुरू केलं, उर्दूत. "आपण आम्हाला सोडून निघून गेलात. आमच्यासाठी ही अत्यंत दुःखाची घटना आहे."

मागं कुणी तरी पदरात फिसकन हसलं. एकीनं तिला कोपर मारलं, तर तिलाच हसू आलं. मला इतका राग आला, की कुणाचा आला तेही कळेना. मी पुढे सरकले, नजीरांचा दंड धरला आणि म्हणाले, "नजीरां, अगं तो तुफैल आहे. साहेबाची बेगम नव्हे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नाकात कापूस घातलेला, हनुवटी पट्टीनं बांधलेली. आता बोलायचं म्हटलं तरी त्याला तोंड उघडता येणार नव्हतं. नजीरांच्या छातीतून आधी नुसता आवाज आला, आणि मग ते आलं, सगळं, गच्चीवरच्या त्या जुन्या आवाजात.

"अरे लबाडा, कुठं निघालास? चोरासारखा न सांगता उठलास, उपाशी उठलास, पायात जोडा नाही तुझ्या! मेल्या, मला कुणाच्या दारात टाकून चाललास? उभ्या जन्मात तुझ्याशी बोलले नाही रे मी, पाहुणीसारखी वागले तुझ्याशी. आता बोलतेय तर तूच मुका झालास, बेइमाना! ऊठ, शिवी दे मला! आपल्या बोलीत दे!"

अंगण फुटलं. हुसैन बीबीनं छाती पिटून घेतली आणि नजीरांच्या गळ्यात पडली, ट्रॉलीतल्या बाया उठून पुढे आल्या, माझंही भान गेलं. नजीरां ओळीमागून ओळ काढत होती. लबाडा, बेइमाना, घरबुडव्या. आणि प्रत्येक शब्दाला बाया नव्यानं आक्रोशत होत्या. मला वाटलं, ऐकतोय हा. नक्की ऐकतोय.

एवढ्यात बाहेरून शहरयार धावत आत आला. बायांतून वाट काढत आईपाशी पोचला. घाबराघुबरा झाला होता, कपाळाला घाम. पोर वाईट नव्हे, बापावर जीव होता त्याचा. त्यानं आईचे दोन्ही हात धरले आणि गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून हलक्या आवाजात, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं, स्वच्छ उर्दूत म्हणाला, "अम्मी, कृपा करून शांत व्हा. अब्बूंना शिव्या का देता आहात? बाहेर लोक ऐकत आहेत. त्यांच्या हातून काही अपराध झाला असेल तर आता तरी त्यांना क्षमा करा."

रडणं जागच्या जागी थांबलं. हुसैन बीबीचं तोंड उघडं ते उघडंच. माझा हात उठला होता, पोराच्या मुस्काटात द्यायला, पण त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. त्याला कुणी सांगायचं आणि कशात सांगायचं?

नजीरां त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता सांगेल, आता खडसावेल. तिनं हात सोडवून घेतले, ओढणी डोक्यावर सारखी केली, चेहरा पुसला.

"आपलं बरोबर आहे, बेटा," ती उर्दूत म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मी त्यांना क्षमा केली."

पुरुष आत आले आणि त्यांनी खाट उचलली.