खंडेनवमीचं तेल

१९९३ सालची खंडेनवमी. वीस लिटर हायड्रॉलिक तेलाचा डबा, किंमत आठशे चाळीस रुपये. हजर माणसं तीन: पोकलेनचा मालक, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, त्या मशीनचा ऑपरेटर, आणि मी.

जागा कवठे महांकाळच्या अलीकडची, कालव्याच्या खोदाईची. सांगलीतली माझी गिरणी बंद पडल्यावर मेहुण्यानं मला साइटवर हिशेबाला ठेवलं होतं, आणि राहायला त्याच्याच घरामागच्या दोन खोल्या दिल्या होत्या. तो मला दाजी म्हणायचा, म्हणून सगळेच दाजी म्हणायचे. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला कधी ठरवता आलं नाही.

पोकलेनचा हात आणि बकेट तेलाच्या दाबावर हलतात. तेलाच्या टाकीला बाहेरून एक उभी काच असते, तिच्यावर दोन खुणा. तेल त्या दोन्हींच्या मध्ये दिसलं पाहिजे. रोज काम संपून बकेट जमिनीला टेकली की काच बघायचं काम माझं. आदल्या संध्याकाळी तेल वरच्या खुणेला लागलेलं होतं, आणि तसं मी मेहुण्याला सांगितलं होतं.

खंडेनवमीला सकाळी ऑपरेटरनं मशीन धुतलं आणि पूजेसाठी हात पार वर उचलून ते सलामीत उभं केलं. आमच्याकडं सगळे असंच करतात. बकेटला झेंडूची लांब माळ घातली, इंजिन बंद केलं. त्या दिवशी हत्यार विश्रांतीला असतं. दसऱ्याचा नारळ फुटेपर्यंत ते हलवायचं नाही.

आरतीनंतर मेहुणा मशीनभोवती फेरी मारताना काचेपाशी थांबला. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

"दाजी, काल काच भरलेली हुती म्हणाला न्हवं?"

"होती."

"मग रात्रीत तेल प्यालं कोण?"

रात्री मशीनजवळ झोपायचा तो ऑपरेटर. वडूजकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. "मालक, गळती असंल कुठंतरी," तो म्हणाला. आम्ही पाइप चाचपून पाहिले. सगळे कोरडे.

"गळती हाय की. तुझ्या खिशात गळतंय." मेहुण्यानं नवा डबा फोडला आणि वरच्या खुणेपर्यंत, म्हणजे सगळाच, टाकीत ओतला. मला म्हणाला, "डबा ह्याच्या पगारातनं कापा आन् संध्याकाळच्या एसटीनं ह्याला लावून द्या. उद्याच्या पूजेला चोर नको हितं." केबिनला कुलूप घालून त्यानं किल्ली माझ्या हातात दिली आणि मोटरसायकलवरून गावात गेला.

माझं एक "होती" त्याला पुरलं होतं. मी खोटं बोललो नव्हतो, आणि मागं घेण्यासारखंही काही नव्हतं.

दुपारी आम्ही दोघं मशीनच्या सावलीत बसलो. आजूबाजूला नुसता माळ, जायला जागा नाही. ऑपरेटर पिशवी भरत होता.

"दाजी, तेल चोरून मी करणार काय? भजी तळू?"

"विकलंस म्हणतोय तो."

"कुणाला? ह्या माळाला मशीन एकच हाय. दुसरं कवा दिसलं तर मला बी दावा." मग हसू गेलं. "एकदा चोर म्हणून उतरवलं की दुसऱ्या मशीनवर कोण बसू देत न्हाई, दाजी. ह्या धंद्यात एकमेकाच्या सांगण्यावरच काम मिळतंय. मग हायतच मेंढरं."

मला ऐकवेना, म्हणून उठलो आणि सवयीनं काच पाहिली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर आलेलं. तिथं कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं. मी वर पाहिलं. सकाळी माझ्या डोक्याला लागणारं माळेचं टोक आता छातीशी आलं होतं. मशीन जुनं, हात वजनानं सावकाश बसत होता. जेवढा हात खाली, तेवढं तेल टाकीत परत. म्हणजे सकाळी कमी पडलेलं तेल हात उचलून धरणाऱ्या सिलिंडरांत होतं.

मी त्याला सांगितलं. तो बघतच राहिला. "व्हय की! हे कवा डोक्यातच आलं न्हाई. मग हात खाली घिऊ द्या, दिसंलच."

"आज?"

"इंजिन न्हाई लावत. लिव्हर नुसता ढकलला तरी येतोय खाली."

किल्ली खिशात होती. एसटीची वेळ जवळ येत होती आणि मेहुणा ती गेल्यावरच परतणार होता. नवमीला हत्यार हलवलं, तर पुढं वर्षभर जे जे मोडेल ते माझ्यामुळं मोडेल. आणि त्या दोन खोल्यांत माझी बायको आणि दोन मुली राहत होत्या. ऑपरेटर पिशवीची नाडी बांधायला लागला. तेव्हा मी किल्ली काढून दिली.

हात खाली आला, माळ बकेटखाली चिरडली, आणि टाकीच्या झाकणातून तेल उसळून मातीत पडलं.

टाकीवरचं तेल पुसत असतानाच मेहुणा आला, ठरल्यापेक्षा लवकर.

"दाजी! नवमीला मशीन हलवलं?"

"आधी काच बघा."

त्यानं काच पाहिली, उलटा पडलेला रिकामा डबा पाहिला, मग वर हात जिथं होता तिथं पाहिलं. ऑपरेटरला म्हणाला, "पिशवी आत ठेव. सकाळी आंघोळ करून ये पूजेला." मग माझ्याकडं वळला. "पर आज हत्याराला हात लावायला कुणी सांगितलं हुतं?"

"कुणी नाही."

"मग मातीत गेलं ते कुणाच्या नावावर?"

ऑपरेटर उभाच होता. "माझ्या," मी म्हणालो.

दिवाळीला ऑपरेटरला पूर्ण पगार मिळाला. सांडलं असेल फार तर सहा लिटर. मेहुण्यानं पैसे अख्ख्या डब्याचे धरले. माझ्या दोन पगारांतून चारशे वीस, चारशे वीस त्याला पोचले.