कंपवातासाठी निघालेली फेरी

साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. लोणावळ्यातल्या बंगलेवाल्यांच्या मंडळाला त्या वर्षी कंपवाताच्या रोग्यांची दया आली. त्यांच्या मदतीसाठी सोमाटण्याहून लोणावळ्यापर्यंत सायकल फेरी काढायचं ठरलं. फेरी कसली! लोणावळ्याच्या अलीकडच्या वलवणपर्यंत सगळे मोटारीतून आले, सायकली मागच्या ट्रकमध्ये. तिथं उतरून केस विंचरले आणि शेवटी मैलभर काय ते पाय हलवले. मी एस.टी.च्या खिडकीतून पाहत होते. सभेला एक रोगी हवा म्हणून माझ्या वडिलांना, आबांना, त्यांनीच बोलावलं होतं.

आबा पोस्टमन होते. भाज्यापासून औंढ्यापर्यंत सायकलवर टपाल वाटण्यात त्यांचा जन्म गेला. आता हात थरथरत आणि चालताना पाय जमिनीला चिकटून बसत. उंबरा ओलांडायला पाव तास लागे.

मैदानात अध्यक्षांनी त्यांना हार घातला, पण तोंड फोटोवाल्याकडे. मग आपली चकचकीत सायकल पुढे धरून म्हणाले, "बाबा, हँडलवर हात ठेवा. फोटो चांगला येईल."

आबा मला म्हणाले, "पोरी, मला वर बशीव."

"पडाल आबा."

"न्हाई पडत. बशीव तू."

मी आणि मंडळाच्या माळ्यानं त्यांना सीटवर बसवून जरा ढकललं. आणि आबा निघाले! मैदानाला दोन चकरा, पाय एकदाही अडले नाहीत. मला रडू आवरेना.

अध्यक्ष मात्र लालेलाल. "अहो बाई, यांना काही झालेलंच नाही! फसवलंत आम्हाला."

आबांना धरून उतरवलं, तर पाय पुन्हा जागीच खिळले. ते बघायला कुणाला सवड नव्हती. या रोगात चालताना अडणारे पाय सायकलवर कधीकधी मोकळे चालतात, हे मला फार पुढे कळलं. मंडळात एक डॉक्टरही होते. ते वडा खात होते. अध्यक्षांनी आबांच्या गळ्यातला हार काढून माळ्याच्या गळ्यात घातला, त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "हात हलव रे जरा." फोटोत हात हललेला दिसत नाही, एवढीही अक्कल त्या शिकल्यासवरल्या माणसांना नव्हती.

परतताना आबा एवढंच बोलले, "लय हलकी सायकल व्हती."

मंडळाची मदत कुणाला पोचली, मी कधी विचारलं नाही. पुढच्याच आठवड्यात एक जुनी सायकल घेतली. रोज सकाळी मी आबांना घरापुढे सीटवर बसवून ढकलायची. मळवली स्टेशनापाशी त्यांचा जुना सोबती त्यांना धरून उतरवायचा. दोघं चहा प्यायचे, गाड्या बघायचे. दोन वर्षं हे चाललं.